दोषशोधनाचे मराठी गद्य : बूटलोडरच्या निमित्ताने

यांत्रिक विषयांवरील सूचनापर लेखनाची गणना वाङ्मयात करावी की करू नये, हा वाद जुना आहे आणि तो येथे पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. असे लेखन हेही गद्यच असते व गद्याच्या काही कसोट्या त्याला लावता येतात, एवढे मान्य झाले म्हणजे पुरे. ललित गद्याने वाचकाचे समाधान केले नाही तर तो पुस्तक मिटून ठेवतो. सूचनापर गद्याने त्याचे समाधान केले नाही तर त्याच्या हातातील वस्तू बंद पडून राहते, आणि पुष्कळदा ती धडधाकट असतानाही निकामी समजून टाकून दिली जाते. या दृष्टीने पाहता अशा गद्यातील एखादे ढिले विशेषण वा चुकीच्या जागी पडलेले वाक्य कादंबरीतील तशाच दोषापेक्षा अधिक महाग पडते.

मराठीत शास्त्रीय गद्याची परंपरा लहान नाही. बाळशास्त्री जांभेकरांच्या काळापासून ती चालत आलेली आहे. १९२८ साली निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने ती घरोघर नेली, १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने तिला परिभाषा पुरविण्याचे काम हाती घेतले आणि १९६६ साली मराठी विज्ञान परिषदेच्या रूपाने तिला एक संघटित व्यासपीठ लाभले. तथापि या परंपरेचा ओढा प्रथमपासून विवेचनाकडे राहिला. वस्तू कशी चालते हे सांगण्यात तिने बरेच यश मिळविले. वस्तू चालत नाही तेव्हा काय करावे, हे सांगणारे गद्य मात्र तिने फारसे घडविले नाही. ते काम कारखान्यातील उस्तादाच्या तोंडी राहिले आणि तोंडीच संपले. मराठीत आज दोषशोधनाचे जे लेखन आढळते ते बहुतांशी इंग्रजी याद्यांचे भाषांतर आहे, आणि त्या याद्यांतील उणिवा जशाच्या तशा मराठीत उतरल्या आहेत.

या उणिवांचा तपास करण्यासाठी एक अगदी लहान विषय निवडणे सोयीचे आहे. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्राम चढविणारा बूटलोडर जेव्हा काम करीत नाही, तेव्हा वाचकाला काय सांगितले जाते व काय सांगावयास हवे, हा तो विषय होय. तो आता केवळ अभियांत्रिकी महाविद्यालयांपुरता उरलेला नाही. अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून देशभरच्या शाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा निघाल्या व त्यांतून आर्डुइनोसारखे बोर्ड मुलांच्या हाती आले. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानेही आर्डुइनोचे पाठ सिद्ध केले आहेत. या लेखनाचा वाचक कोण, असा प्रश्न केला तर देवगड तालुक्यातील कुणकेश्वरसारख्या गावचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. महाशिवरात्रीच्या यात्रेला तेथे समुद्रकाठी माणसांचा महापूर लोटतो. एरव्ही समुद्र, आंब्याच्या बागा आणि मासेमारी यांच्यामध्ये वसलेले ते शांत गाव आहे. तेथील विद्यार्थ्याजवळ एक बोर्ड व एक केबल असेल असे धरावे. दुसरा बोर्ड, दुसरी केबल किंवा विचारण्याजोगा जाणकार शेजारी नसेल असेही धरावे. पुण्यामुंबईच्या वाचकाला ‘बोर्ड बदलून पाहा’ असे सांगणे सोपे आहे. जे गद्य कुणकेश्वरच्या वाचकाला पुरे पडेल ते इतरांना पुरे पडतेच.

वस्तूची ओळख थोडक्यात अशी. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी ज्या मांडणीचा पाया घातला ती अ‍ॅटमेल कंपनीने एव्हीआर या नावाने बाजारात आणली. २०१६ साली अ‍ॅटमेल ही कंपनी मायक्रोचिपकडे गेली. आर्डुइनो ऊनो या बोर्डावरील अ‍ॅटमेगा ३२८पी ही त्याच कुळातील चिप होय. तिच्यात प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट, चालू कामासाठी २ किलोबाइट आणि कायमच्या टिपणांसाठी १ किलोबाइट एवढीच जागा असते. प्रोग्रामच्या जागेतील शेवटचा एक तुकडा राखून ठेवता येतो. तो कमीत कमी ५१२ बाइटांचा व जास्तीत जास्त ४ किलोबाइटांचा असतो, आणि चिपच्या आतून प्रोग्रामची स्मृती लिहिण्याची आज्ञा केवळ याच तुकड्यातून अमलात येऊ शकते. बूटलोडर येथे राहतो. चिप पुन्हा सुरू झाली की तो प्रथम जागा होतो, संगणकाकडून कोणी बोलू पाहत आहे काय याचा क्षणभर कानोसा घेतो, कोणी बोलले तर नवा प्रोग्राम १२८ बाइटांच्या पानापानाने उतरवून घेतो आणि कोणी बोलले नाही तर आधीच्या प्रोग्रामला वाट मोकळी करून देतो. पीटर नाइट यांनी आरंभिलेला व पुढे बिल वेस्टफील्ड यांनी सांभाळलेला ऑप्टिबूट हा बूटलोडर हे सारे ५१२ बाइटांत साधतो. कानोशासाठी तो सुमारे एक सेकंद देतो. एवढ्या अल्प जागेत एवढे काम उरकणारी रचना, तिला लेखन म्हणावयाचे झाल्यास, सूत्रग्रंथांच्या जातीची म्हणावी लागेल.

‘बूट’ हा शब्द इंग्रजीतील स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून आला आहे. भारतीय दर्शनकारांना याच्या उलट कल्पना परिचित होती. नट कितीही निष्णात असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, हा दृष्टांत ते देत असत. बूटलोडर हा स्वतःच्या खांद्यावर चढणारा नट वाटतो खरा. परंतु त्याला प्रथम कोणीतरी बाहेरून त्या खांद्यापर्यंत पोचविलेले असते. कोऱ्या चिपवर बूटलोडर आपोआप येत नाही. तो वेगळ्या साधनाने, वेगळ्या तारांवरून आधी बसवावा लागतो. म्हणजे दर्शनकारांचा दृष्टांत येथेही मोडत नाही. ही गोष्ट मराठी मार्गदर्शिकांत बहुधा सांगितलेली नसते, आणि ती न सांगितल्यामुळे पुढे काय घोटाळा होतो ते यथाक्रम दिसेल.

आता बिघाडाचा प्रसंग. विद्यार्थी प्रोग्राम पाठवू लागतो, काही क्षण जातात आणि पडद्यावर अक्षरे उमटतात. ही अक्षरे आर्डुइनोची नसतात. प्रोग्राम वाहून नेण्याचे प्रत्यक्ष काम करणाऱ्या एव्हीआरड्यूड या साधनाची ती असतात. त्याचे मूळ लेखक ब्रायन डीन. दीर्घकाळ प्रचारात असलेल्या आवृत्त्यांत दोन वाक्ये पुनःपुन्हा भेटतात. पहिले, ‘प्रोग्रामर इज नॉट रिस्पाँडिंग’. दुसरे, ‘नॉट इन सिंक’, व त्याच्यापुढे एक आकडा. दुसरे वाक्य ‘दहापैकी पहिला प्रयत्न’, ‘दहापैकी दुसरा प्रयत्न’ असे करीत दहा वेळा उमटते. या दोन वाक्यांचे जितके बारकाईने वाचन व्हावयास हवे होते तितके झालेले नाही.

पहिल्या वाक्यातील ‘प्रोग्रामर’ कोण? मराठी वाचक प्रथमदर्शनी समजतो की, प्रोग्राम लिहिणारा मनुष्य, म्हणजे तो स्वतःच, प्रतिसाद देत नाही असा त्याच्यावर आरोप आहे. हसण्याजोगी ही गोष्ट नाही. ‘प्रोग्रामर प्रतिसाद देत नाही’ असे शब्दशः भाषांतर वाचून दुसरा अर्थ सुचण्याचे कारणच नाही. वास्तविक अ‍ॅटमेलचा एसटीके ५०० नावाचा एक विकसनसंच होता. त्यात चिप बसवून तिच्यावर प्रोग्राम चढविणारे जे उपकरण, त्यास प्रोग्रामर म्हणत. एव्हीआरड्यूडला त्या उपकरणाशी बोलता येत असे. आर्डुइनोच्या कर्त्यांनी नवी बोली निर्माण न करता बूटलोडरला एसटीके ५०० चीच बोली शिकविली. दशावतारातील नट ज्याप्रमाणे मुकुट चढवून देवाचे सोंग घेतो व समोरचे पात्र त्याला देव समजूनच बोलते, त्याप्रमाणे बूटलोडर प्रोग्रामरचे सोंग घेतो आणि एव्हीआरड्यूड त्याला प्रोग्रामर समजून बोलतो. सोंग वठले की कोणाच्या काही लक्षात येत नाही. सोंग फसले की जे नाव पुकारले जाते ते मात्र त्या सोंगाचे असते, आणि वाचक आपल्या टेबलावर नसलेल्या उपकरणाचा शोध घेत बसतो. या वाक्याचे मराठी करताना ‘बोर्डाकडून उत्तर आले नाही’ असे लिहावयास हवे. ते शब्दाला सोडून असले तरी अर्थाला धरून आहे.

दुसऱ्या वाक्याचे वाचन अधिक फलदायी आहे. संगणक प्रथम दोन बाइट पाठवितो; दशमान पद्धतीत त्यांची मूल्ये ४८ आणि ३२. बूटलोडर जागा असेल तर २० आणि १६ हे दोन बाइट परत करतो. पहिल्याचा अर्थ मेळ बसला, दुसऱ्याचा अर्थ ठीक आहे. ‘नॉट इन सिंक’ याचा शब्दार्थ एवढाच की, २० ची अपेक्षा होती व ते मिळाले नाही. मग काय मिळाले? ते सांगण्यासाठीच पुढे आकडा छापलेला असतो. मराठीतील व इंग्रजीतीलही बहुतेक याद्या या आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सबंध संदेशातील एकमेव साक्षीदार तेवढा असतो आणि त्याचीच जबानी घेतली जात नाही.

या साक्षीदाराची विश्वसनीयता मात्र सर्वत्र सारखी नाही. उत्तराची वाट पाहणारा भाग मुदत संपली की ‘प्रोग्रामर इज नॉट रिस्पाँडिंग’ असे नोंदवितो. त्यानंतर मेळ तपासणारा भाग, उत्तरासाठी राखून ठेवलेल्या जागेत जे काही पडलेले असेल ते उचलून आकडा म्हणून छापतो. म्हणून दोन्ही वाक्ये जोडीने येतात तेथे उत्तर आलेलेच नसते, व पुढील आकड्याला काही अर्थ नसतो. पुष्कळ विद्यार्थी या निरर्थक आकड्याचा अर्थ लावण्यात दिवस घालवितात. दुसरे वाक्य एकटेच येते तेथे काहीतरी खरोखर ऐकू आलेले असते, आणि तेथे आकडा बोलका असतो. तो ४८ असेल (पडद्यावर षोडशमान पद्धतीने तो ३० असा दिसतो), तर संगणकाने पाठविलेला पहिला बाइटच परत आला आहे, म्हणजे जाणारी व येणारी वाट कोठेतरी एकमेकींस चिकटली आहे. तो एखाद्या अक्षराचा अंक असेल, तर बोर्डावरचा जुना प्रोग्रामच बोलत असण्याचा संभव मोठा. अर्थात बोर्ड पुन्हा सुरू झालाच नाही आणि बूटलोडरला जागे होण्याची संधीच मिळाली नाही. पूर्ण मौन, स्वतःचाच प्रतिध्वनी आणि तिसऱ्याच कोणाचा आवाज, या तीन अगदी भिन्न अवस्था आहेत. त्या तिन्हींवर एकच उपाययादी वाचून दाखविणे म्हणजे ताप, खोकला व अस्थिभंग यांवर एकच काढा देण्यासारखे आहे.

वैद्यकाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. दोषशोधनाचा काटेकोर विचार भारतीय भाषांच्या वाट्याला आलाच नाही, असे कोणी म्हणेल तर माधवनिदानाकडे बोट दाखवावे लागेल. तेथील निदानपंचक प्रसिद्ध आहे : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षण, उपशय आणि संप्राप्ति. यांतील उपशयाची कल्पना प्रस्तुत संदर्भात विशेष मोलाची आहे. रोगाचे स्वरूप गूढ असेल तेव्हा एखादा आहार वा औषध देऊन पाहावे. त्याने बरे वाटते की त्रास वाढतो यावरून रोग ओळखावा. येथे दिलेले औषध ही एक परीक्षा असते. बूटलोडरच्या उपाययाद्यांत जे दिलेले असते ते सारे उपशयाच्या वर्गातील आहे : केबल बदला, पोर्ट बदला, ड्रायव्हर पुन्हा बसवा, बोर्डाचे नाव पुन्हा निवडा, बूटलोडर पुन्हा चढवा. परंतु हे उपशय आहेत याची जाण त्या याद्यांना नाही. एखादा उपाय लागू पडला नाही, तर त्यावरून काय सिद्ध झाले हे त्या कधीही सांगत नाहीत. पाच उपाय करून थकलेला वाचक पहिल्या उपायाच्या वेळी जितका अज्ञानी होता तितकाच शेवटी राहतो. या याद्यांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

उपशय म्हणून लिहावयाचे तर गद्याची रचनाच बदलते. प्रथम बोर्डाला जोडलेले सर्व बाह्य भाग, विशेषतः ० व १ या पिनांवरील तारा काढाव्या. या दोन पिना म्हणजे बोलण्याचीच वाट असल्यामुळे तेथे दुसरे काही जोडलेले असल्यास संभाषण बिघडते. मग रीसेटची कळ दाबून सोडावी व १३ व्या पिनेवरील एलईडी पाहावा. ऑप्टिबूट जागा होताच तो दिवा झरझर तीन वेळा लुकलुकवितो. ही परीक्षा कळ दाबूनच करावी. केबल काढून पुन्हा जोडल्याने ती होत नाही, कारण वीज नव्याने आल्यावर ऊनोवरील ऑप्टिबूट थांबत नाही, सरळ जुन्या प्रोग्रामकडे जातो. हा बारकावा सोडून दिलेल्या याद्या वाचून कित्येकांनी आपला बूटलोडर मेला असे ठरविले असेल. कुणकेश्वरच्या मंदिराविषयी अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे की, वादळात सापडलेल्या एका अरब व्यापाऱ्याला रात्री किनाऱ्यावर उजेड दिसला आणि तो वाचला. त्या उजेडाने त्याला एवढेच सांगितले असेल की, तिकडे जमीन आहे. खडक कोठे हे सांगितले नसेल. १३ व्या पिनेचा दिवाही तेवढेच सांगतो. चिप जिवंत आहे, क्रिस्टल चालू आहे, बूटलोडर जागेवर आहे, ही तीन मोठी अनिष्टे त्या एका लुकलुकीने दूर होतात; दोष वाटेत आहे एवढे निश्चित होते, वाटेत कोठे ते होत नाही.

त्यासाठी दुसरी परीक्षा. रीसेटची पिन तारेने ग्राउंडला जोडून चिपला झोपवून ठेवावे, ० व १ या पिना एकमेकींस जोडाव्या, आणि संगणकावरील सीरियल मॉनिटरमधून काही अक्षरे पाठवावी. तीच अक्षरे परत आली तर संगणक, ड्रायव्हर, केबल आणि बोर्डावरील यूएसबीचा दुभाषा या चौघांचीही एकदम निर्दोष सुटका होते. परत आली नाहीत तर दोष या चौघांत आहे आणि चिपचा त्यात काही संबंध नाही. कित्येक केबली केवळ मोबाइल भारित करण्यासाठी केलेल्या असतात, त्यांत माहितीच्या तारा मुळीच नसतात. अशा केबलीने बोर्डावरचा दिवा लागतो व वाचकाची समजूत होते की केबल ठीक आहे. येथे ‘केबल बदलून पाहा’ म्हणण्याऐवजी ‘संगणकाच्या पोर्टांच्या यादीत बोर्ड जोडल्यावर नवे नाव येते काय’ असे विचारणे अधिक योग्य, कारण त्याला दुसरी केबल लागत नाही. एका तारेच्या तुकड्यावर होणारी ही परीक्षा आपल्या कल्पिलेल्या वाचकाला नेमकी हवी तशी आहे, आणि तिचाच समावेश याद्यांत सर्वांत क्वचित होतो.

वाट निर्दोष ठरली आणि बूटलोडरही जिवंत ठरला, तरीही मेळ बसत नसेल, तर दोन शक्यता ठळक उरतात. एक वेळेची. २००७ च्या डिएसिमिला बोर्डापूर्वी प्रोग्राम पाठविताना रीसेटची कळ हाताने दाबावी लागे. त्या बोर्डापासून संगणकच हे काम करू लागला व बोर्डावरील ०.१ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर तो इशारा चिपपर्यंत पोचवितो. हा मार्ग तुटला असेल तर योग्य क्षणी कळ दाबून सोडल्यास प्रोग्राम चढतो. चढला तर निदान झालेच, शिवाय काम चालविण्याची जुनी रीतही हाती आली. दुसरी शक्यता वेगाची. जुन्या नॅनो बोर्डांवरील बूटलोडर ५७,६०० बॉडच्या वेगाने बोलतो, तर जानेवारी २०१८ पासून विकल्या जाऊ लागलेल्या मूळ नॅनोवरील नवा बूटलोडर १,१५,२०० च्या वेगाने बोलतो. आर्डुइनोच्या यादीत म्हणूनच ‘ओल्ड बूटलोडर’ अशी वेगळी नोंद आली. स्वस्त प्रतिकृतींवर त्यानंतरही जुनाच बूटलोडर आढळत असल्यामुळे बोर्ड नवा की जुना यावरून निर्णय करता येत नाही. दोन्ही नोंदी करून पाहणे हाच तेथे उपशय. या ठिकाणी यादीकारांना दोष देता येत नाही. त्यांची सूचना बरोबर असते. फक्त ती कोणत्या परीक्षेनंतर यावी हे त्यांनी सांगितलेले नसते.

भाषेविषयी एक आक्षेप येथेच नोंदविला पाहिजे. ‘एरर’ या एका शब्दासाठी मराठी याद्यांनी ‘त्रुटी’ हा एकच शब्द पत्करला आहे. मूळ संस्कृतात त्याचा रोख उणिवेवर, लहानशा अंशावर आहे. आता त्याला सर्व प्रकारचे ओझे वाहावे लागते. मराठी बोलणाऱ्या कारागिराजवळ याहून बारीक वाटणी आहे. करणाऱ्याच्या हातून झाली ती चूक, घडणीतच राहिली ती खोट, वापरात आला तो बिघाड आणि वाटेत आला तो अडथळा. चुकीचे पोर्ट निवडले गेले ही चूक. कोऱ्या चिपवर बूटलोडरच नाही ही उणीव. कपॅसिटर उखडला हा बिघाड. ० पिनेवर दुसरे उपकरण जोडलेले आहे हा अडथळा. या चारही जागी ‘त्रुटी’ लिहिले की वाचक तिला आपली चूक समजतो, आणि शाळकरी वाचक तर नक्कीच समजतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी एका इंग्रजी शब्दास एक मराठी शब्द हा नियम कोशापुरता पाळावा हे योग्यच. परंतु दोषशोधनाच्या गद्यात तो नियम निदानालाच बाधक होतो.

याद्यांचे परकेपण आणखी एका ठिकाणी उघडे पडते. त्या ज्या हवेत लिहिल्या गेल्या ती हवा कोकण किनाऱ्याची नाही. समुद्राच्या खाऱ्या, दमट वाऱ्यात धातूचे स्पर्शबिंदू लवकर कळकतात. मिठाचा पातळ थर ओलावा धरून ठेवतो व जेथे वीज जाऊ नये तेथे तिला वाट देतो. ऊनोच्या ज्या बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये बसविलेली असते, तेथे चिपचे पाय व सॉकेट यांच्यामध्ये हा मळ साचण्याचा संभव असतो. पावसाळ्यात बंद पडलेला बोर्ड चिप हलके उचलून, पाय पुसून, पुन्हा नीट दाबून बसविल्यावर चालू होऊ शकतो. कुणकेश्वरसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत हे वाक्य वरच्या बाजूस असावयास हवे. भाषांतरित यादीत ते नसते, कारण मूळ यादीत ते नव्हते.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटच्या उपायाबद्दल आहे. ‘बूटलोडर पुन्हा चढवा’ ही सूचना कित्येक याद्यांत दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकावर आढळते. ही क्रिया आरंभीच चिपवरील सारी प्रोग्राम-स्मृती पुसून टाकते. जुना प्रोग्राम, आणि त्याच्यासह दोषाचा पुरावाही, नाहीसा होतो. पुढे बोर्ड चालू झाला तर खरा दोष कोणता होता हे कळत नाही; चालू झाला नाही तर आता दोन दोष असण्याची शक्यता निर्माण होते. शिवाय स्वतःच्या खांद्यावर न चढता येणाऱ्या नटाची गोष्ट येथे पुन्हा येते : या क्रियेला बाहेरचे साधन, निदान प्रोग्रामरचे काम करणारा दुसरा बोर्ड, लागतो. एकच बोर्ड असलेल्या वाचकाला ही सूचना क्रमांक दोनवर देणे म्हणजे त्याला तेथेच थांबविणे होय. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये, एमआयटीबाहेरची पहिली म्हणून ओळखली जाणारी, फॅब लॅब सुरू झाली. या प्रयोगशाळांच्या जाळ्यातून चालणाऱ्या फॅब अकादमीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला प्रोग्राम चढविण्याचे साधन स्वतःच्या हाताने घडवावे लागत असे. घडविल्यावर त्याच्या लक्षात येई की, या साधनातील चिपवरही प्रथम कोणा दुसऱ्या साधनानेच प्रोग्राम चढवावा लागतो, आणि तो वर्गातील आधी तयार झालेले साधन मागून आणी. पाबळच्या वाचकाला बूटलोडर पुन्हा चढविण्याची सूचना कळते, कारण तिच्यामागील साखळी त्याने हाताळलेली असते. यादीच्या वाचकाला ती साखळी दाखविलेलीच नसते.

दिवा लुकलुकत नाही, वाट मात्र निर्दोष आहे, अशी एक अवस्था शेवटी उरते. तेथे बूटलोडर पुसला गेला असेल, क्रिस्टल बंद पडला असेल, किंवा चिपच्या फ्यूज नावाच्या मांडणीत घड्याळाची निवड बदलली गेली असेल. निवड बाहेरच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलऐवजी आतल्या ८ मेगाहर्ट्झ घड्याळावर गेली तर बूटलोडर जिवंत असूनही निम्म्या वेगाने बोलू लागतो. त्यात या आतल्या घड्याळात कारखान्यातून निघताना दहा टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. अशा वेळी दिवा लुकलुकतो, पण नेहमीपेक्षा संथ, आणि तो संथपणा शेजारी चांगला बोर्ड असल्याशिवाय ओळखू येणे कठीण. या टप्प्यावर एका बोर्डाच्या बळावर होणाऱ्या परीक्षा संपतात. मार्गदर्शिकेत तसे स्पष्ट लिहावे : येथून पुढे दुसरा बोर्ड व सहा तारा लागतील, त्या मिळेपर्यंत चिप टाकून देऊ नये, आणि दिवा लुकलुकला की नाही, कोणते वाक्य आले, ते एकटे आले की जोडीने, व आकडा काय होता, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे.